डाव्या बटणातली पाचर

कारखान्यात मला सगळे पाद्रीबुवा म्हणतात. मी पाद्री नाही आणि बुवा तर नाहीच नाही. मी प्रेस चालवतो. पत्र्याच्या पट्टीतून दाराच्या बिजागरीची पानं कापणारं ते एक जुनं, खाष्ट मशीन आहे. एका ठोक्याला एक पान, पाळीला बाराशे पानं. सकाळी मशीन चालू करण्याआधी मी टोपी काढून दोन मिनिटं डोळे मिटतो, एवढ्यावरून हे नाव पडलं. सुरुवातीला नुसती टिंगल होती. "पाद्रीबुवा, आमच्याही मशीनसाठी दोन शब्द टाका वर, बेअरिंग गेलंय!" मग टिंगल विरली आणि नाव तेवढं राहिलं. कुणाची कुणाशी जुंपली, हजेरीवरून वाद झाला, की लोक म्हणायचे, पाद्रीबुवाला विचारा, तो खोटं बोलायचा नाही. मला ते आवडायचं. उगाच कशाला नाही म्हणू, फार आवडायचं.

आता त्या मशीनचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्याला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये दीड हाताचं अंतर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नाही. कारण साधं आहे. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात साच्यात नसतो. पण त्यात वेळ जातो. म्हणून आमच्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात एक पाचर असते, कुणाची लाकडाची, कुणाची रबराची. डाव्या बटणाच्या फटीत ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग डावा हात पट्टी सरकवायला मोकळा, उजव्याने फक्त बटण मारत राहायचं. तासाला वीस-पंचवीस पानं सहज जास्त निघतात. फोरमनला हे माहीत असतं. तपासणीवाले येणार असले की तोच आदल्या दिवशी ओरडत फिरतो, "दात कोरायच्या काड्या काढून ठेवा रे!"

मी अकरा वर्षं पाचर लावली नाही. उलट लावणाऱ्यांना चार शब्द सुनवायचो. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनीला मीच कारखान्यात लावून दिलं, बिजागऱ्यांची पानं घासायच्या टेबलावर. पुढे कधी गरज लागली तर असावं म्हणून प्रेसही मीच शिकवली. तिचे दोन्ही हात माझ्या हातांनी बटणांवर ठेवून म्हणालो होतो, "वहिनी, काय वाटेल ते होऊ द्या, हे दोन हात इथून एकदमच निघाले पाहिजेत." ती हसून म्हणाली होती, "भावजी, तुम्ही तर लग्न लावल्यासारखं सांगताय!"

मग रविवारचं प्रकरण निघालं. कामाचा लोंढा आला आणि साहेबांनी फर्मान काढलं की रविवारीही कारखाना चालू. मी फोरमनकडे गेलो. म्हटलं, रविवार प्रभूचा, मी येणार नाही, काय करायचं ते करा. तो डोकं खाजवत म्हणाला, "तुझ्या प्रभूला माझा नमस्कार सांग, पण बाराशे पानं मला कोण देणार?" शेवटी आमचं ठरलं. सहा दिवसांत रोज दोनशे जास्त काढायची, की रविवार माझा. मी छाती काढून घरी आलो. पुढच्या उपासनेला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला उभं करून साक्ष द्यायला लावली. मी जमलेल्या मंडळीला सांगितलं की मालकापुढे ठाम उभं राहिलं की प्रभू वाट काढतो. लोकांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

वाट कशी काढली ते मात्र नाही सांगितलं. रोज दोनशे जास्त पानं दोन्ही हातांनी निघत नाहीत. चौथ्या दिवशी माझे खांदे भरून आले आणि आकडा तरी अपुराच. पाचव्या दिवशी घरून कमरेच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून नेला. चामड्याची पाचर आवाज करत नाही. बाकीच्यांसारखी दिमाखात नाही लावायचो मी. अंग आडवं करून लावायचो, पाळी संपली की काढून खिशात. असे आठ महिने गेले. प्रभूचा दिवस पाळायचा म्हणून सहा दिवस लबाडी, असा माझा हिशेब होता, आणि तो मला खटकतसुद्धा नव्हता. सकाळी टोपी काढून डोळे मिटायचो आणि उघडले की पाचर ठोकायचो.

त्या शनिवारी फोरमन येऊन म्हणाला, उद्या तुझं मशीन बंद ठेवता येणार नाही, सोमवारी माल जायचाय. तू ये, नाहीतर मशीन चालवता येणारा माणूस दे. मी तणतणलो, ठरलं होतं म्हणालो. वहिनी शेजारच्या टेबलावर पानं घासत होती. तिथूनच म्हणाली, "अहो भावजी, कशाला भांडताय? मी उभी राहते उद्या. तुम्ही जा उपासनेला, माझ्यासाठीही म्हणा तिथे." मनात आलं, आपली वहिनी भक्तीत जरा कच्चीच. असंच आलं मनात, देवाशप्पथ. माझ्याऐवजी ती उभी राहणार होती आणि मी तिच्या भक्तीचं माप काढत होतो!

संध्याकाळी सहाला चर्चमध्ये गाण्याचा सराव होता. पावणेसहाला माझी चौदाशे पानं झाली. मशीन बंद केलं, हात पुसले, सायकल काढली आणि सुटलो. पाचर बटणातच राहिली.

दुसऱ्या दिवशी वहिनीने सकाळी सातला मशीन चालू केलं. डावं बटण आधीच दाबलेलं आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही, कारण चामडं फटीत आत बसलं होतं, ती मी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी दाबत होती आणि ठोका बरोबर पडत होता. सव्वातीनशे पानं तिने तशीच काढली. साडेदहाच्या सुमाराला पट्टी साच्यात अडकली. उजवा तळवा बटणावर तसाच राहू देऊन तिने डाव्या हाताने पट्टी सारखी केली. दोन बटणांच्या भरवशावरच कुणीही असं करतं. तळवा जरा दाबला गेला आणि वरचा ठोकळा खाली आला.

त्या वेळी आम्ही उभे राहून दुसरं गाणं म्हणत होतो. माझा आवाज चांगला लागला होता. उपासना संपल्यावर फोन चालू केला तर कारखान्याचे नऊ फोन येऊन गेलेले. तिथून थेट हॉस्पिटल गाठलं. डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला. डॉक्टरांनी बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या बायकोने माझा दंड धरला, आणि मला तेव्हाही फक्त एकच प्रश्न पडला होता, की मी ती पाचर काढली होती की नाही. घरी आल्यावर कामाच्या पँटचे खिसे चाचपले. दोन्ही रिकामे होते.

सोमवारी फोरमनने मला भांडारात नेलं, दार लोटलं आणि मूठ उघडली. मुठीत माझ्या पट्ट्याचा तुकडा होता, शिलाईसकट.

"मी काढली बटणातून, बाकीचे पळत यायच्या आत," तो म्हणाला. "कुणाची आहे ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस."

मग त्याने खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. वेग वाढवण्यासाठी मी स्वतःच्या मर्जीने डाव्या बटणात पाचर लावली, अपघाताला मी स्वतः जबाबदार आहे, असं त्यावर होतं. खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली वहिनीचं नाव. सही केली तर कंपनी हॉस्पिटलचं सगळं बघणार आणि बरी झाली की बसून करायचं काम देणार. नाही केली तर चौकशी, आणि चौकशी म्हणजे सगळी मशीनं सील आणि तीस माणसं घरी.

"साहेब म्हणाले, पाद्रीबुवाला पाठवा," फोरमन म्हणाला. "तू सांगितलंस की ती ऐकते. तुझ्यावर विश्वास आहे तिचा. आणि तुझा रविवार तसाच चालू राहील बरं का, तेही बोललोय मी."

त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. नाहीतर स्वतःच्या तरी. मी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. भांडारातून बाहेर पडताना आसपासचे चौघेजण मान खाली घालून भारी कामात होते. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून होते. त्यांचंही काय चुकलं? प्रत्येकाच्या खिशात एकेक पाचर होती.

वहिनी खाटेवर टेकून बसली होती. हाताचा पांढरा गोळा उशीवर ठेवलेला. मला बघून तीच म्हणाली, "बसा भावजी, तुमचा चेहरा केवढासा झालाय. जेवलात का?" मी कागद वाचून दाखवला. माझा आवाज स्थिर होता, वाचायची सवय आहे मला, दर रविवारी वाचतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला काही आठवतच नाही हो. सकाळचं आठवतं, पट्टी अडकलेली आठवते. पाचर लावलेली आठवत नाही."

मी कागदाची घडी बोटाने सरळ करत राहिलो.

"पण तुमचं मशीन," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर आधी बटणं तपासली असती मी. तुमचं म्हणून बघितलंसुद्धा नाही. आणि तुम्ही तर असलं कधी लावत नाही. म्हणजे मग मीच लावली असणार, नाही का? सकाळी फोरमन दोनदा ओरडून गेला होता, आकडा कमी आहे म्हणून. त्या भरात लावली असेन." ती माझ्याकडे बघत होती. "भावजी, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं सांगणार नाही. माझ्याकडूनच झालं असेल का?"

इथे माणसाला एक क्षण मिळतो. मला चांगला लांबलचक मिळाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला नर्सने पाणी दिलं, तिने ते पिऊन पेला परत दिला, एवढा.

"घाईत झालं असेल, वहिनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. दोन टिपं गाळली आणि उजव्या हाताने सही केली. कागद सरकू नये म्हणून तो मी धरून ठेवला.

पुढच्या रविवारी मंडळीने वहिनीसाठी प्रार्थना केली. बाहेर पायऱ्यांवर एक वडीलधारे माझ्या कानाशी लागले, "वाईट झालं, पण रविवारी कामाला जायलाच नको होतं तिने." माझ्या मस्तकात तिडीक गेली. ती कुणासाठी गेली होती ते विचारा ना मला! पण कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं, मन निर्मळ ठेवून प्रत्येकाने प्रभूच्या भाकरीचा तुकडा घ्यायचा. भाकरीचं ताट ओळीतून सरकत माझ्यापर्यंत आलं आणि माझा हात वर होईना. हात मांडीवरच राहिला, लाकूड झाल्यासारखा. मी ताट तसंच पुढे दिलं, उठलो आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडलो. तिथून तडक वहिनीच्या घरी गेलो.

ती ओट्याशी उभी राहून एका हाताने पातेलं घासत होती, दुसऱ्या मनगटाने दाबून धरलेलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाचर माझी होती. आठ महिने लावत होतो. शनिवारी काढायची विसरलो. हॉस्पिटलमध्ये तुमच्या तोंडावर खोटं बोललो. एकही शब्द गाळला नाही.

तिने पातेलं खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता शिव्या देईल, अंगावर धावून येईल, आणि खरं सांगतो, त्या एका गोष्टीसाठी मी भुकेला होतो.

"भावजी," ती म्हणाली, "पुरे आता. माझ्या मनाचं ओझं कमी व्हावं म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय, कळतं मला. पाळकसाहेब म्हणालेच होते, तुमचे दीर तुमच्यासाठी रात्रंदिवस झुरतायत. पण दुसऱ्याचं पाप असं घेता येतं का हो? माझं मला वाहू द्या."

"वहिनी, देवाशप्पथ सांगतो, माझी होती ती!"

"बघा, माझ्यापायी शपथा घ्यायला लागलात," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून माझ्यासाठी चहा टाकायला वळली.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने लगेच विश्वास ठेवला. "तो पट्टा मी शोधत होते," ती एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मग चल, तू सांग वहिनींना, तुझं तरी ऐकतील. ती म्हणाली, "मी नाही येणार. त्यांचा नवरा गेला, हात गेला. तुमच्यावर तेवढी श्रद्धा उरलीय, तीही काढून घेऊ? तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून?" त्या दिवसापासून ती माझं ताट वाढते, पण माझ्यासमोर बसून जेवत नाही.

साहेबांकडेही गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यासाठी पाणीही मागवलं. म्हणाले, "असं लेखी देणार असाल तर द्या. पण मग बाईंनी कंपनीला खोटं लिहून दिलं असं होईल. हॉस्पिटलचा खर्च परत मागावा लागेल आणि कबूल केलेलं कामही देता येणार नाही. तुमची पाचर कुठे आहे म्हणता? फोरमन तर म्हणतो, त्याने कधी बघितलीच नाही." मग थोडं पुढे वाकून म्हणाले, "तुम्ही धार्मिक माणूस आहात. अशा माणसांना दुसऱ्याचं दुःख जास्त लागतं. चार दिवस रजा घ्या." मी लेखी दिलं नाही. लेखी दिलं तर तिची भाकरी जाणार आणि नाही दिलं तर तिचं नाव. मी भाकरी राखली म्हणतो, पण त्यात माझी नोकरीही राखली गेली, हे मला कळतं. पाळकसाहेबांनी तर मला पूर्ण बोलूच दिलं नाही. डोक्यावर हात ठेवला आणि माझ्यासाठी प्रार्थनाच सुरू केली.

पाचर आता मी लावत नाही. आकडा भरत नाही, म्हणून रविवारीही कामावर येतो. मंडळीत सांगतात की वहिनीच्या घराला हातभार लावायला मी उपासनासुद्धा सोडली. हेसुद्धा कौतुकानेच सांगतात.

तीन महिन्यांनी वहिनी कामावर परतली. साहेबांनी शब्द पाळला आणि तिला दाराजवळच्या टेबलावर पानं मोजायला बसवलं. वर आणखी एक काम दिलं. नवीन माणसं भरती झाली की फोरमन त्यांना आधी तिच्याकडे नेतो. ती डाव्या हातावरचा रुमाल सोडते, हात वर करते आणि सांगते, "मी पाचर लावली होती. तुम्ही लावू नका." असं एका सोमवारी, मग दुसऱ्या सोमवारी. पहिल्यांदा तिचा आवाज कापला होता. आता सराईतपणे सांगते, मध्ये थोडं हसवतेसुद्धा.

परवा सहाजणांची तुकडी आली. टेबल माझ्या मशीनपासून दहा पावलांवर. त्यांच्यातल्या एका बाईने वहिनीला विचारलं, "पण तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं का, पाचर लावायची नाही म्हणून?"

"शिकवलं होतं की!" वहिनी म्हणाली. "हे काय, आमच्या भावजींनी शिकवलं. अख्ख्या कारखान्यात पाचर न लावणारा हा एकच माणूस. त्यांचं ऐकलं असतं तर आज दहा बोटं असती मला. विचारा त्यांना, ते खोटं बोलत नाहीत."

सहाही जण माझ्याकडे वळले. मी मशीन बंद केलं. आवाज थांबल्यामुळे बाकीचेही बघायला लागले, फोरमनही.

"पाचर माझी होती," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "या बाईने कधीच लावली नाही. तिची बोटं माझ्यामुळे गेली."

नवी बाई एकदा माझ्याकडे, एकदा वहिनीकडे बघत राहिली. वहिनीचा चेहरा मायेने भरून आला. तिने रुमाल उचलून हातावर गुंडाळला, दातांनी गाठ ओढली आणि त्यांना म्हणाली, "बघितलंत? असे आहेत आमचे भावजी."